रेयॉनचे कपडे : फायदे, तोटे आणि धुण्याची रीत



तुमचं कपाट उघडून बघा. कुर्ती, पलाझो, गाऊन, मुलीचा फ्रॉक, यांत एखादा तरी कपडा रेयॉनचा निघेलच. दुकानदार सांगतो, "घ्या ताई, एकदम कॉटनसारखं आहे." हात लावला की ते खरंही वाटतं. पण रेयॉन हे कॉटन नाही आणि पॉलिस्टरही नाही.

लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज रसायनांनी विरघळवायचं आणि बारीक छिद्रांतून काढून त्याचा धागा करायचा, म्हणजे झालं रेयॉन. कच्चा माल झाडाचा, धागा मात्र कारखान्यातला. ही व्हिस्कोज पद्धत १८९२ साली इंग्लंडमध्ये शोधली गेली. लेबलवर 'व्हिस्कोज' लिहिलं असेल तर तेही रेयॉनच समजा. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला याचा मोठा कारखाना आहे.

आता फायदे. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात सलग तीन तास उभं राहून शिकवताना मला रेयॉनची कुर्तीच बरी वाटते. याला कारण आहे. हा धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या ११ ते १३ टक्के धरून ठेवतो, सुती धागा सुमारे ८ टक्के, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून घाम टिपला जातो, कपडा अंगाला चिकटत नाही. शिवाय रंग छान उठून दिसतात, कापड सुळसुळीत पडतं आणि रेशमाच्या मानाने किंमतही परवडते.

पण हे पाणी पिणंच त्याच्या मुळावर येतं. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, हे कापड पाण्यात गेलं की पुठ्ठ्यासारखं होतं." अगदी बरोबर निरीक्षण आहे! धागा पाण्याने फुगतो, म्हणून कापड ताठ लागतं आणि त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. सुती धागा उलट ओला झाल्यावर थोडा जास्त मजबूत होतो. म्हणून सुती चादर धोपटली तरी चालते, रेयॉनची कुर्ती नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने गॅदरिंगसाठी पैसे साठवून ड्रेस घेतला. घरच्या रीतीप्रमाणे गरम पाण्यात भिजवला, ब्रशने घासला, घट्ट पिळला. एकाच धुण्यात तो आखूड झाला आणि शिवणीपाशी उसवला. "मलाच धुता आलं नाही हो," ती मला म्हणाली. मला वाईट वाटलं. चूक तिची नव्हती. ड्रेसला लेबल नव्हतं आणि विकताना तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं.

म्हणून धुताना एवढं सांभाळा :

१. पाणी थंड, साबण सौम्य. फार वेळ भिजत ठेवू नका.
२. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, रंग जाऊ शकतो.
३. ब्रश, धोपटणं आणि पिळणं नको. हाताने हलकं दाबून पाणी काढा, किंवा कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.
४. मशीनमध्ये टाकायचाच असेल तर जाळीच्या पिशवीत घालून, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर.
५. सावलीत, उलटा करून वाळवा. ओला हँगरला लटकवला तर वजनाने ताणला जातो.
६. किंचित दमट असताना उलट्या बाजूने मध्यम इस्त्री करा. चुरगळण्याची खोड मात्र जात नाही, ती धरूनच चाला.

नवीन कपडा घेताना थोडा सैल घ्या, पहिल्या धुण्यात आटतो. रोज रगडून धुवायच्या कपड्यांना, म्हणजे मुलांच्या शाळेच्या गणवेशाला वगैरे, साधं रेयॉन नकोच.

दोन गोष्टी आणखी. रेयॉन कागदासारखं भराभर पेटतं. सुतीचंही तसंच आहे, पण रेयॉनचे घेर नि ओढण्या जास्त झुळझुळतात. तेव्हा दिवाळीत पणत्यांजवळ मुलींकडे लक्ष ठेवा. आणि व्हिस्कोज करताना कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन वापरतात. नीट काळजी घेतली नाही तर कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला त्याने इजा होते. म्हणजे 'झाडापासून बनलेलं' एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.

धाग्यांचा पाठ शिकवताना एक सोपा प्रयोग करा. रेयॉनच्या कापडाचे दोन धागे काढा, एक कोरडा ठेवा, एक भिजवा. मुलांना दोन्ही ओढून तोडायला सांगा. कोणता आधी तुटतो ते त्यांचं त्यांनाच कळेल. मग विचारा, "घाम टिपणारा धागाच पाण्यात कमजोर का होत असेल?" एकाच गुणातून फायदाही होतो आणि तोटाही, हे मुलं स्वतःच्या हातांनी शिकतील. आणि घरी जाऊन आईला सांगतील, "आई, हा नको पिळूस!"