उज्जैनची भाची आणि सड्यावरचं ऑफिस

मागच्या दिवाळीत उज्जैनला मावसबहिणीकडे गेलो होतो. क्षिप्रेच्या घाटावरून संध्याकाळी परत येताना तिची मुलगी हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही गोव्याचे. मला समुद्राच्या प्रवाहांवर संशोधन करायचंय, ध्रुवाकडच्या. बाबांना तुम्ही समजावून सांगा ना."

आली का पंचाईत! पोरगी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. मी बीए मराठी, सरकारी कारकून. माझा समुद्राशी संबंध म्हणजे मासळीबाजार, आणि पाहुणे आले की मिरामार. दोना पावलच्या एनआयओवरून बसने हजारदा गेलो असेन. वास्कोच्या हेडलँड सड्यावरची ध्रुवीय संशोधनाची संस्था तर आमच्या लेखी 'अंटार्क्टिकावाल्यांचं ऑफिस'. आत काय चालतं, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

भावोजींचा विरोध मला समजत होता. शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्यांपैकी हे एक घराणं, पिढ्यानपिढ्या शिक्षक नाहीतर बँकवाले. "हिने समुद्र पाहिलाय एकदा, मुंबईला," ते म्हणाले. "तोसुद्धा चौपाटीवर, भेळ खाताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मला वेधशाळेत घेऊन गेली. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीस आली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिथे अधीक्षक झाले. सम्राट यंत्र म्हणजे एक मोठी त्रिकोणी भिंत. तिची तिरकी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे थेट ध्रुवाकडे रोखलेली.

"मामा, माझा विषय इथूनच सुरू होतो," ती म्हणाली. मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण तिने समजावलं ते असं. पृथ्वी फिरते म्हणून वाहतं पाणी सरळ जात नाही, उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतं आणि दक्षिणेत डावीकडे. हा जोर विषुववृत्तावर शून्य, ध्रुवावर सर्वांत जास्त. उज्जैनला ध्रुवाच्या सुमारे ३९ टक्के, गोव्याला २७. म्हणजे या बाबतीत उज्जैन आमच्या पुढे!

हे ध्यानात आलं तेही ध्रुवाजवळच. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेच्या नानसेनने आपलं 'फ्राम' जहाज मुद्दाम उत्तरेच्या बर्फात अडकवून घेतलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपून ठेवलं. एकमन नावाच्या तरुणाने १९०५ साली त्याचं गणित छापलं. भौतिक सागरविज्ञानाची पोरं अजून तेच गणित आधी शिकतात. पोहता येणं ही अट नाही.

त्या रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि माझीच मला लाज वाटली. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती गोव्याहून, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे पोचली. अंटार्क्टिकाभोवती जो प्रवाह फिरतो त्याला वाटेत जमीनच आडवी येत नाही. दर सेकंदाला १३ कोटी घनमीटरच्या वर पाणी. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा. हिंदी महासागराच्या तळाचं थंड पाणी दक्षिण ध्रुवाकडूनच सरपटत आलेलं. सीटीडी नावाचं यंत्र दोराने खाली सोडून खोलीगणिक तापमान आणि खारटपणा मोजत जायचं, की पाण्याचं गाव कळतं. उत्तरेकडे स्वालबार्डच्या खाडीत सड्यावरच्या या मंडळींनी २०१४ साली यंत्रं पाण्यात नांगरून ठेवली, 'इंडआर्क' या नावाने. आणि मी सड्याखालून बसने जात होतो.

त्याच शोधात अदिती पंत भेटल्या. जन्म नागपूरचा, म्हणजे समुद्राच्या नावाने तिथेही शंखच. एनआयओत काम करणाऱ्या या बाई १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर अंटार्क्टिकावर गेल्या, भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन महिलांपैकी एक. त्यांचा विषय प्रवाहांचा नव्हे, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. पण भावोजींपुढे ठेवायला हे नाव पुरेसं होतं.

सकाळी चहाच्या वेळी ठेवलं. उगाच गोड बोललो नाही. नेटच्या परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर यांचा वेगळा पेपर असतो. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. पुढे कायमच्या जागा थोड्या, जाहिरातीची वाट बघत बसावं लागतं, मधली वर्षं प्रोजेक्टवर किंवा परदेशात. वर्षातले महिने समुद्रावर काढणारे थोडेच, बाकीचे कॉम्प्युटरसमोर. भाचीचा चेहरा थोडा उतरला, पण हे तिलाही कळायला हवं होतं.

भावोजी बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "तिकडे हॉस्टेल असतं?" त्यांनी विचारलं.

"चौकशी करतो," मी म्हटलं. "तोवर आमचं घर आहेच."

"आणि जहाजावर उलट्या होतात म्हणे?"

"होतात."

"हिला तर इंदूरच्या बसमध्येही होतात," ते म्हणाले आणि आत जाऊन तिच्या फॉर्मसाठी एटीएम कार्ड घेऊन आले.