चोबारीच्या वाटेवर

भुजहून भचाऊकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ सोबत करते. मधूनच टेकडी कापून रस्ता नेलेला असतो आणि त्या कापात तांबूस-पिवळ्या वालुकाश्माचे थर उघडे पडलेले दिसतात. मी उतरून एका थरावरून हात फिरवला, तर वाळूचे कण तळव्याला चिकटून आले. गोंडवनभूमी दुभंगत असताना कच्छची जमीन खचत गेली आणि त्या खोलगट भागात समुद्राने, नद्यांनी काही किलोमीटर जाडीचा गाळ आणून टाकला. त्या गाळाचेच हे दगड. भूकंप मात्र त्यांच्या बऱ्याच खाली जन्म घेतात.

भचाऊच्या उत्तरेला, वागडच्या मुलखात चोबारी हे गाव आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरलं, त्याचं केंद्र याच परिसरात, जमिनीखाली वीसेक किलोमीटरवर होतं. तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. त्याआधी १८१९ च्या भूकंपाने कच्छच्या रणात मैलोन्‌मैल लांब उंचवटा उभा केला होता. लोक त्याला अल्लाह बंद म्हणतात. २००१ मध्ये जमिनीला तडे गेले, ठिकठिकाणी वाळू-पाणी उसळलं. पण ज्या प्रस्तरभंगावर खडक सरकला, तो वर कुठेच उघडा पडला नाही. मग तो शोधायचा कसा?

त्याचा माग नंतरच्या धक्क्यांनी दिला. ते वर्षानुवर्षं येत राहिले. त्यांच्या जागा नकाशावर आणि खोलीत मांडल्यावर दक्षिणेकडे खाली उतरत जाणारी एक तिरकी पातळी स्पष्ट झाली.

सोबतच्या भूकंप-अभ्यासक ताईंनी मला एक नोंदणी केंद्र दाखवलं. छोटीशी खोली, छतावर सौर पॅनल, आत खडकाला घट्ट बसवलेल्या काँक्रीटच्या ओट्यावर भूकंपमापक. लॅपटॉपवर त्यांनी एका लहानशा धक्क्याचा आलेख उघडला. आधी बारीक थरथर उमटली, ती पी लहर. पाचेक सेकंदांनी मोठा हेलकावा आला, ती एस लहर. या सेकंदांच्या फरकाला ढोबळमानाने आठाने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. इथे साधारण चाळीस. मग त्यांनी एस लहरीच्या किंचित अलीकडे, उभ्या हालचालीच्या रेषेवरच्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. एस लहर कठीण खडकातून गाळाच्या थरात शिरताना तिचा काही भाग पी लहरीत बदलतो आणि पुढचं अंतर भरभर कापून आधी पोचतो. हा बदललेला भाग आणि एस लहर यांच्या येण्यातल्या फरकावरून या केंद्राखाली गाळ किती जाड आहे, हे काढता येतं. इतकी बारीक खूण, आणि तिच्यातून शेकडो मीटर जाडीचं माप निघतं!

मडकं घेताना आपण टिचकी मारून आवाजावरून पारख करतो, तसंच हे काम. फक्त टिचकी जमीनच मारते. अनेक धक्के, अनेक केंद्रं आणि त्यांच्यामधले एकमेकांना छेदणारे हजारो मार्ग. लहर कुठे लवकर पोचली, कुठे रेंगाळली, याचा हिशेब मांडत भूकवचाचं त्रिमितीय चित्र तयार होतं. कच्छच्या चित्रात खोलवर लहरींना वेगाने वाहून नेणारे घट्ट खडक दिसले. ते शिलारस आत घुसून थिजलेले असावेत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. भूकंपाच्या उगमापाशी एस लहर पी लहरीच्या मानाने जास्तच मंदावते; तिथे भेगाळलेल्या खडकात पाणी मुरलं असावं, असंही काहींनी मांडलं. शिलारसाचं म्हणाल, तर सह्याद्री घडवणारा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कच्छमध्येही पसरला होता. हे कळल्यावर तो मुलूख मला एकदम आपला वाटू लागला.

संध्याकाळी चोबारीत चहा घेताना एका आजोबांनी ताईंना विचारलं, पुढचा कधी येणार? ताईंनी सरळ सांगितलं की ते कुणालाच सांगता येत नाही. पण कुठल्या गाळावर जमीन जास्त हेलकावेल, तिथे घर कसं बांधावं, हे सांगता येतं.

कोयना आणि किल्लारीचे भूकंप पाहिलेल्या आपल्या महाराष्ट्राला या उत्तराची किंमत ठाऊक असायला हवी. मोठ्या भूकंपानंतर नोंदणी केंद्रं उभी राहतात, आणि काही वर्षं शांततेत गेली की त्यांच्यावरचा खर्च डोळ्यांवर येऊ लागतो. ती शांत काळातही चालू राहिली पाहिजेत. आज येऊन गेलेला लहानसा धक्का नोंदवला गेला नाही, तर त्याने दाखवलं असतं तेवढं चित्र कायमचं हातचं जातं.