फुगं तीनवर येत्यात

परवा आपल्या कोडोली पंचक्रोशीतल्या एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एकट्या त्या शाळेचं नाही. दोन वर्षांपूर्वी तिथं मोठा टच स्क्रीन बसला, तेव्हा नारळ फोडतानाचा फोटो मीच काढला होता. मथळाही झकास दिला होता, 'खडू-फळा आता इतिहासजमा'. त्यानंतर तिकडं फिरकलो नाही. आमच्या धंद्यात उद्घाटनाची बातमी होते, नंतरच्या कुठल्या मंगळवारची होत नाही.

चौथीचा वर्ग होता. अपूर्णांक चालले होते. स्क्रीनवर रंगीत केक कापला जात होता, मागं गोड आवाजात शुद्ध मराठी. शेवटी प्रश्न आला, 1/3 मोठा, 1/4 मोठा की दोन्ही सारखे? एक पोरगी पुढं आली. 1/4 वर बोट ठेवलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' मग 'दोन्ही सारखे'. 'पुन्हा प्रयत्न करा.' मग उरलेल्यावर बोट. टाळ्या, फुगे, हिरवी खूण! असे पाच प्रश्न झाले आणि स्क्रीनवर आकडा झळकला, 100 टक्के.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "बाळ, 1/3 मोठा कसा काय गं?"

"मोठा न्हाई ओ काका, चारच मोठा की. पन फुगं तीनवर येत्यात."

पोरगी मठ्ठ आहे असं कुणी म्हणू नका. त्या यंत्रानं जे शिकवलं ते ती बरोब्बर शिकली. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून 1/4 मोठा, हा तिचा हिशेब होता. तो चुकीचा असला तरी हिशेब होता, आणि शिकवणाऱ्याला तिथंच तर धरायचं असतं. धडा बनवणाऱ्यानं पहिल्या चुकीच्या बोटालाच थांबवून दाखवायला हवं होतं, की एकच भाकरी तिघांत वाटली तर वाटा मोठा येतो की चौघांत? बाईंनी नंतर डब्यातली भाकरी काढून हेच केलं. मिनिटभर लागलं. पण वर जो अहवाल जातो त्यात भाकरी नसते, 100 टक्के असतात. कितव्या बोटाला उत्तर आलं, हेही त्यात नसतं.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. लॉकडाउनमध्ये माझ्या घरातली पोरंही मोबाईलवरच शिकलीत. प्रश्न एवढाच आहे, की धडा करणारा माणूस तो धडा बघणाऱ्या पोराशेजारी कधी बसला होता का?

अमेरिकेत 1969 साली 'सेसमी स्ट्रीट' ही लहान मुलांची टीव्ही मालिका आली. प्रसारणाआधी नमुना भाग मुलांना दाखवले. टीव्हीशेजारी दुसऱ्या पडद्यावर काही सेकंदांनी चित्रं बदलत ठेवली आणि पोराची नजर टीव्हीवरून कधी हटते ते टिपलं. बाहुल्या आल्या की नजर खिळायची, रस्त्यावरची माणसं बोलायला लागली की उडायची. तज्ज्ञांचा सल्ला होता की बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका. पोरांच्या नजरेपुढं तो सल्ला मागं पडला, आणि 'बिग बर्ड' नावाचा भलामोठा पिवळा पक्षी त्या रस्त्यावर आला.

एवढं लांब कशाला जायचं म्हणा. 1998 साली आपल्या वारणा भागात 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' आलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, काय ती हवा! शेतीचा सल्ला, शिक्षणाची माहिती, सगळं गावातल्या संगणकावर मिळणार होतं. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी संगणक किती बसले यापेक्षा त्यावर खरोखर काय चालतं ते पाहिलं. बहुतेक काम साखर कारखान्याचंच निघालं, ऊस किती गेला, तोडीची परवानगी, खताची नोंद. मग 2006-07 च्या सुमारास सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं. चाललं. स्वस्तातही पडलं. लोकांच्या वापराकडं बघून यंत्रणा बदलता येते, हे आपल्याच उसाच्या फडाशेजारी सिद्ध झालंय. मग चौथीच्या पोरीला ते का मिळू नये?

आता त्या शाळेतलं उरलेलं सांगतो. बाईंनी एक वही घातलीय. कुठल्या धड्यात पोरं कुठं अडली, कुठला शब्द कळला नाही, पहिलं बोट कशावर गेलं, सगळं तारीखवार. स्क्रीन दुरुस्तीला माणूस आला तेव्हा त्यांनी ती त्याच्यापुढं ठेवली. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी फक्त काच आणि वायरिंग बघतो." ॲपमध्ये अभिप्रायाची सोय आहे, पाच चांदण्या. कुठली चांदणी दाबली की 1/3 चं सांगता येतं ते बाईंना सापडलेलं नाही.

पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायचा असं बाई म्हणाल्यात. मीही जाणार आहे, यावेळी कॅमेरा न घेता. वहीची झेरॉक्स माझ्याकडं आहे, 34 पानं. मूळ वही धडे बनवणाऱ्यांपर्यंत पोचवायची आहे. तुमच्यापैकी कुणाला ते कुठं बसतात हे माहीत असेल तर कळवा.