मुदतीतील उपाय

नांदगावच्या तहसील कचेरीत माझी उभी हयात कारकुनीत गेली. अर्ज कितीही न्याय्य असला तरी अपिलाची मुदत टळल्यावर तो बहुधा दप्तरात पडून राहतो, हे मला कोणी शिकवावयास नको होते. परंतु मनुष्याच्या देहासही अशाच मुदती असतात आणि त्यांपैकी एक तर पाळण्यातच संपू लागते, हे मात्र मला नातवाच्या निमित्ताने उमगले.

साडेतीन महिन्यांची लस देण्यासाठी त्यास दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणली, कारण थंड स्पर्शाने स्नायू आक्रसून जागेवरचे वृषणही वर ओढले जाते, मग जांघेवरून हलकेच बोट खाली सरकवीत ते म्हणाले, "नाना, उजवी गोटी उतरलेली नाही. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहू, त्यापुढे मात्र थांबायचं नाही." सून हळूच म्हणाली, "आंघोळ घालणाऱ्या बाईंनीही सांगितलं होतं, पण तुमच्यापुढे बोलायचं कसं?" र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराच्या या विषयांवर स्वच्छ मराठीत बोलता येते हे दाखवून दिले, तरी आमच्या माजघराचा संकोच अद्याप सुटलेला नाही.

डॉक्टरांनी केलेला खुलासा असा की, गर्भावस्थेत वृषणे पोटात तयार होऊन जन्मापूर्वी वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या 100 मुलग्यांत सुमारे 3 जणांच्या बाबतीत, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तर 30 जणांपर्यंत, हा प्रवास अपुरा राहतो. पुष्कळांची वृषणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, परंतु सहा महिन्यांनंतर ती आशा फारशी उरत नाही. कोशातील उष्णता पोटातल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते. ते शैत्य न लाभल्यास शुक्राणूंच्या मूळ बीजपेशी बालपणीच क्षीण होऊ लागतात, म्हणून सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रिया व्हावी.

हे ऐकताना मला माझा धाकटा चुलतभाऊ आठवत होता. त्याची दोन्ही वृषणे जांघेतच राहिली होती, आणि वयात आल्यावर ती उतरतील अशा वडीलधाऱ्यांच्या समजुतीपायी कोणी इलाज केला नाही. दाढीमिशा, आवाज, संसारसुख यांत काहीच उणे नव्हते, कारण पुरुषी संप्रेरक निर्माण करणाऱ्या पेशी ही उष्णता बऱ्याच अंशी सोसतात. साहजिकच मूल न होण्याचा सारा ठपका भावजयीवर आला. उपासतापास, नस्तनपूरच्या शनिमहाराजांचा नवस, दवाखान्यांतील तपासण्या आणि हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांच्या नजरा, हे सर्व त्या माउलीने मुकाट्याने सोसले. अखेर नाशिकला भावाच्या वीर्याची तपासणी झाली, तेव्हा त्यात एकही शुक्राणू आढळला नाही.

नातवाची शस्त्रक्रिया पहिल्या वाढदिवसापूर्वीच नाशिकला झाली. जांघेत लहानसा छेद घेऊन, सोबतची हर्नियाची पिशवी बांधून, शल्यविशारदांनी वृषण कोशात आणून स्थिर केले. एकाच बाजूचा दोष असा वेळीच दूर झाल्यास पुढे पितृत्वास सहसा बाधा येत नाही; वृषणाच्या कर्करोगाचा संभव इतरांहून थोडा अधिक राहतो, यास्तव वयात आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने नियमित तपासणी करीत जावी, अशी नोंद मी त्याच्या लसीकरणाच्या कार्डासोबत लिहून ठेवली आहे.

माझे सर्व आजोबांस कळकळीचे सांगणे आहे की, नातू असेल तर लसीच्या वेळी वृषणे उतरली आहेत का हा प्रश्न सुनेच्या तोंडी न ठेवता आपणच डॉक्टरांस विचारावा. कारण पाच मिनिटांच्या तपासणीची लाज आपण बाळगतो आणि तिची किंमत पंचवीस वर्षांनी लेकीसारखी घरात आलेल्या परक्या मुलीस मोजावी लागते.