शिलिंगची सवड

लग्न होऊन १९६९ साली मी लंडनला आले, तेव्हा भाड्याच्या खोलीतली शेगडी शिलिंगवर पेटायची. गॅसच्या मीटरच्या फटीत नाणं सारायचं, मूठ फिरवायची, की ते खडखडत आत पडायचं आणि निळी ज्योत पुन्हा उभी राहायची. घरात दूध नसलं तरी चालेल, वाटीत शिलिंग हवेतच.

बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. मला हे गणित जड गेलं नाही, आण्यांच्या हिशोबातच मी वाढले होते. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा मी शाळेत होते. १५ फेब्रुवारी १९७१ला इंग्लंडनेही पौंडाचे शंभर भाग केले. पण शिलिंग मोडीत निघाला नाही. पाच नव्या पेन्सचं नाणं मुद्दाम त्याच्याच मापाचं पाडलं होतं. दोन्ही एकाच गल्ल्यात १९९०पर्यंत चालली. बदल करावा तर असा, असं मला आजही वाटतं.

पुढे आम्ही दुकान घातलं आणि गल्ला बँकेत भरायचं काम माझ्याकडे आलं. हाय स्ट्रीटवरच्या त्या शाखेतला तराजू मला फार आवडायचा. दोन पेन्सचं नाणं पेनीच्या बरोबर दुप्पट वजनाचं. त्यामुळे दोन्हींची सरमिसळ असलेली एक पौंडाची पिशवीसुद्धा न मोजता जोखता यायची. कॅशियर बाई पिशवी ठेवता ठेवता मुलांची चौकशी करायच्या.

बार्कलेजने उत्तर लंडनमधल्या एनफिल्डच्या शाखेत पैसे देणारं यंत्र १९६७ सालीच बसवलं होतं. ते ज्यांनी घडवलं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगमध्ये! त्या यंत्राने काउंटर उठवला नाही, वर्षानुवर्षं दोन्ही शेजारी नांदले. फोनवरची बँक आली आणि शाखा मात्र भराभर मिटल्या. आमचीही गेली. मुलगा आता गल्ला पोस्टात भरतो. माझ्या वयाच्या बायकांना पेन्शनबद्दल साधं काही विचारायचं तर बस पकडावी लागते.

बँक ऑफ इंग्लंड आपली चलनातून गेलेली नोट कितीही जुनी असली तरी बदलून देते. माणसांनाही एवढी सवड मिळायला हवी. काही गावांत बँकांनी मिळून सामाईक केंद्रं उघडली आहेत. काउंटर पोस्टाचा, आणि वारावारी एकेका बँकेचा माणूस येऊन बसतो. आमच्या भागातही तसं केंद्र यावं म्हणून आम्ही सध्या सह्या गोळा करतोय.