शिपाईमामाला कोणी घालवलं?

आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा चॅट सर्व्हर आम्ही मोठ्या वर्गातली पाच मुलं सांभाळतो. त्यावर 'शिपाईमामा' नावाचं एक खातं आहे. मामा माणूस नाही, बॉट आहे. शनिवारी गृहपाठाची आठवण करायची, आणि बर्फामुळे शाळा बंद असली तर सकाळी सहाला सगळ्यांच्या फोनवर घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. बाई एका तक्त्यात 'बंद' लिहितात, पुढचं मामा बघतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही साफसफाई काढली. वर्षभर न उघडलेली खाती बंद केली : न्यू जर्सी सोडून गेलेली मंडळी, पासवर्ड विसरून तीनदा नाव नोंदवलेले एक काका वगैरे. आता, बॉट माणसासारखा लॉगिन करत नाही. तो टोकन नावाची किल्ली दाखवून आत येतो. त्यामुळे यादीत मामापुढे 'शेवटचं लॉगिन : कधीच नाही' असं होतं. आमच्यातल्या कोणीतरी टिचकी मारली. (कोणी ते अजून कबूल झालेलं नाही!) अधिकार पाचही जणांना होते, कारण एकाला वगळलं असतं तर रुसवेफुगवे झाले असते.

जानेवारीत बर्फ पडला. बाई पहाटे 'बंद' लिहून पुन्हा झोपल्या. मामा गप्प. चार कुटुंबं शाळेकडे निघाली. एका काकूंची गाडी उतारावर घसरून खांबाला टेकली. कोणाला लागलं नाही, पण मागच्या सीटवर त्यांची बालवर्गातली मुलगी होती. काकू आम्हांला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शोधल्यावर कळलं की हा प्रश्न जुनाच आहे. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडमध्ये आयआरसी ही गप्पांची सोय तयार केली. तिच्या अंडरनेट या जाळ्यावर 'एक्स' नावाचा बॉट खोल्यांची राखण करतो. त्याच्या खात्याला 'के' ही खूण असते. ती असली की खोलीच्या प्रमुखालाही त्याला हाकलता येत नाही. सर्व्हरच नकार देतो.

आमच्याकडे तशी खूण नव्हती. म्हणून आता साफसफाईच्या यादीत बॉट येतच नाहीत. मामाला हात लावायचा अधिकार दोघांनाच आहे, तोही वेगळ्या खात्यातून. रोजच्या खात्यातून चुकून टिचकी बसली तरी काही होत नाही. शिवाय शनिवारी रात्री मामा 'मी जागा आहे' असं लिहितो. नाही लिहिलं तर बाई कागदावरची फोनची यादी काढतात. ती त्यांच्या फ्रिजवर लावली आहे.

फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला. सहाला घंटा वाजली. पहिलं उत्तर त्याच काकूंचं आलं : "बरं झालं मामा. झोपते आता."