नुसता शेरा

तपासून आलेली वही हाती पडली की विद्यार्थ्याची दृष्टी प्रथम तांबड्या शाईकडे जाते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काही वह्यांत नुसती फुली असते. काहींत फुलीशेजारी चार शब्दही असतात : ‘हातचा घेण्याचे राहिले’, ‘कर्ता अनेकवचनी आहे’. पहिली फुली पाहून मन खट्टू होते. दुसरी पाहून पेन्सिल हाती घ्यावीशी वाटते. हा भेद आम्हांस अनेक वर्षे दिसत होता. परंतु त्याचा खरा अर्थ गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, आमच्याच हातून घडलेल्या एका फजितीमुळे कळला. ती हकीकत येथे सादर करीत आहोत.

आमचे गाव वडगाव निंबाळकर, तालुका बारामती. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. सुटीत दुपारच्या उन्हाने मुले घरात कोंडली जातात. तेव्हा आळीतल्या मुलांकरिता आमच्या ओसरीवर एक लहानसे वाचनालय काढावे असे ठरले. घरोघरी हिंडून पुस्तके जमविली. नोंदवही मात्र कागदाची न ठेवता संगणकावर ठेवावी, हा हट्ट आमचा. शाळेत पायथन या भाषेचे धडे झाले होते, आणि ‘जँगो’ नावाच्या फ्रेमवर्कशी तोंडओळखही झाली होती. अंगी आलेली विद्या दाखविण्याची संधी कोण सोडील?

घर बांधणारास दारे-खिडक्यांच्या चौकटी तयार मिळाव्यात, तसे संकेतस्थळ बांधणारास जे तयार साहित्य मिळते, त्यास फ्रेमवर्क म्हणतात. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली झाला, व २००५ साली तो सर्वांस खुला करण्यात आला. त्यास नाव दिले आहे जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली असताही या पुरुषाने गिटारवर जे प्रभुत्व मिळविले, ते जगाने वाखाणले.

आता अर्ज तपासण्याची रीत. कोणी अर्ज भरून पाठविला की त्यातील मजकूर जँगो एकदम वहीत घेत नाही. आपल्या घरी दळणास धान्य देण्यापूर्वी ते सुपात घेऊन पाखडतात, खडे निवडतात. तसे तो प्रत्येक रकाना पाखडून पाहतो. रकाना रिकामा आहे काय? मजकूर मर्यादेत आहे काय? याखेरीज आपणांस हवे ते नियमही घालता येतात. सर्व नियमांस उतरलेला मजकूर ‘निवडलेला’ म्हणून वेगळा ठेवला जातो. एखादा नियम मोडला तर अर्ज परत येतो, व त्या रकान्याशेजारी शेरा उमटतो. तो शेरा कोणत्या शब्दांत असावा, हेही आपणच ठरवावयाचे असते.

गावाच्या रकान्यास आम्ही तीन नियम घातले. नावात अक्षरांवाचून दुसरे काही नसावे. रिकामी जागा नसावी. आणि लांबी १२ च्या आत असावी. शेऱ्याचा विचार करण्यास आम्हांस सवड नव्हती. म्हणून सर्वच नियमांपुढे आम्ही एकच भारदस्त शब्द लिहून टाकला : ‘अवैध’.

वाचनालयाची पहिली सभासद होण्याचा मान आमच्या आजीचा. आजी जुन्या काळची चौथी शिकलेली. पोथी अडखळत का होईना, पण स्वतः वाचते. तिने चष्मा नीट केला, आणि एकेक कळ दाबीत मोठ्या अभिमानाने गावाचे नाव लिहिले : वडगाव निंबाळकर. बटण दाबताच तांबडी अक्षरे उमटली : ‘अवैध’.

आजीने दोनदा वाचले, आणि आमच्याकडे पाहून हळूच पुसले, “काय रं बाळा, आपलं गाव खोटं हाय व्हय?”

भोवतालची मुले हसली. आजी हसली नाही. आम्हीही हसू शकलो नाही.

लगोलग दुरुस्तीस बसलो. दोन शब्दांमधील रिकामी जागा हेच कारण असावे, असे वाटून तो नियम काढला. पुन्हा ‘अवैध’! मग निरनिराळी गावे घालून पाहू लागलो. ‘फलटण’ लिहिले; यंत्राने मुकाट्याने घेतले. ‘बारामती’ लिहिले, नाकारले. ‘जत’ घेतले, ‘इंदापूर’ नाकारले. नीरेपलीकडचे फलटण यंत्रास मान्य व्हावे आणि आमचा तालुका अमान्य व्हावा, हा कोणता न्याय? बराच वेळ डोके खाजविल्यावर उमगले की फलटण आणि जत या नावांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांपैकी काहीच नाही!

खरी गोष्ट अशी. जगातील लिप्यांच्या प्रत्येक खुणेस युनिकोड या पद्धतीत एकेक क्रमांक दिलेला आहे, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी तीत आहे. त्या पद्धतीत ‘व’, ‘ड’, ‘ग’ ही अक्षरे या वर्गात मोडतात. परंतु काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, तर अक्षरास जोडावयाची चिन्हे, असा वेगळा वर्ग केला आहे. ‘सर्व खुणा अक्षरेच आहेत काय?’ असा पायथनचा तयार प्रश्न आम्ही वापरला होता. इंग्रजी नावांस तो पुरतो. मराठी नावात काना आला की त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते. ‘कमल’ नावाची मुलगी त्या दारातून आत जाईल, आणि ‘सीता’ बाहेर उभी राहील!

अक्षरांबरोबर चिन्हेही चालतील असे लिहिले, तरी अर्ज परतच! या खेपेस दोष लांबीचा निघाला. ‘वडगाव निंबाळकर’ यात आपण ९ अक्षरे मोजतो. यंत्र मात्र ९ अक्षरे, ४ चिन्हे आणि १ रिकामी जागा अशा १४ खुणा मोजते. आणि आमची मर्यादा होती १२.

वाचकहो, तीन निरनिराळी कारणे, आणि शेरा तिन्ही वेळा एकच! नियम आम्हीच लिहिले होते, तरी ‘अवैध’ या शब्दावरून आम्हांसच काही बोध झाला नाही. मग आजीस कोठून व्हावा? शेवटी आम्ही स्वतःस विचारले, गावाच्या नावावर इतका पहारा हवाच कशास? त्याने कोणाचे रक्षण होणार होते? उत्तर सुचेना. तेव्हा ‘रकाना रिकामा नसावा’ एवढा नियम व एक सैल मर्यादा ठेवून बाकीचे काढून टाकले.

सायंकाळी ही हकीकत आमच्या आजोबांच्या कानी गेली. ते काही वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी आपली एक जुनी आठवण सांगितली. तरुणपणी त्यांनी एका कचेरीत कशाचासा अर्ज दिला होता. जमीन सुमारे एक एकर, म्हणजे ४० आर. त्यांनी क्षेत्राच्या रकान्यात ४० लिहिले. रकाना होता हेक्टरचा, तेथे ०.४० लिहावयास हवे होते. कागदोपत्री आजोबा क्षणभर शंभर एकरांचे धनी झाले! अर्ज परत आला. वर शेरा एकच : ‘चुकीचे’. त्यांनी तोच मजकूर अधिक सुवाच्य अक्षरात लिहून नेला. पुन्हा ‘चुकीचे’. तीन खेपा, तीन दिवसांचा रोज बुडाला. आणि चौथ्या खेपेस एका भल्या कारकुनाने रकान्यावर बोट ठेवून खुलासा केला, तोवर मुदत टळून गेली होती. “चूक माझीच व्हती,” आजोबा म्हणाले, “पर ती कुठं हाय, एवढं जरी कुणी लिहिलं असतं, तर हेलपाटं वाचलं असतं.”

त्या रात्री आम्ही आमचे सारे शेरे पुन्हा लिहावयास घेतले. रिकाम्या रकान्यापुढे लिहिले : ‘गावाचे नाव लिहावयाचे राहिले आहे.’ दूरध्वनीच्या रकान्यापुढे : ‘क्रमांक १० अंकी हवा, आपण ९ अंक लिहिले आहेत.’ काही मुले अंकांमध्ये जागा सोडीत. ती जागा यंत्रास स्वतः गाळता येते, मग त्याकरिता माणसास शेरा कशाला? कोणी मराठी अंक लिहीत. पायथनला ते वाचता येतात, म्हणून तेही चालू ठेवले.

सुटीस आलेल्या पाहुण्या मुलांच्या पत्त्याकरिता पिनकोडचा रकाना होता. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून निघालेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तेथे शेरा लिहिला : ‘पिनकोड ६ अंकी असतो व शून्याने सुरू होत नाही, पत्राच्या पाकिटावर पाहून लिहावा.’

चूक आहे हे कळावे, पण ती नेमकी कोठे आहे हे यंत्रासही कळू नये, असेही प्रसंग असतात. आधारचा क्रमांक पाहा. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. त्याच्या बारा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती होय. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ते तात्काळ उघडकीस येते. परंतु कोणता अंक चुकला, हे त्यावरून सांगता येत नाही. अशा ठिकाणी यंत्राने प्रामाणिकपणे एवढेच म्हणावे : ‘एखादा अंक चुकला असावा, कार्डाशी ताडून पाहावे.’ वाचनालयास आधारची गरज नव्हती. म्हणून तो रकानाच आम्ही ठेवला नाही. नको ते न विचारणे हीही एक तपासणीच आहे.

यावरून नियमच नकोत, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. एका मुलाने पुस्तक परत करण्याची तारीख नेण्याच्या तारखेच्या आधीची लिहिली होती. ती नियमानेच पकडली. सूप बाजूस ठेवून दळण दिले, तर खडे भाकरीत येतात. तसेच, काही तपासणी वाचकाच्या पडद्यावरच करता येते व तिने वेळ वाचतो; परंतु तो पहारा चुकवून मजकूर आत पाठविणे शक्य असते, म्हणून आतील यंत्राने पुन्हा तपासावेच लागते. नियम कडक असोत. शेऱ्याची वाणी मात्र कडू नसावी, आणि पुढे काय करावे ते तीत असावे.

दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा बसली. गावाचे नाव बिनतक्रार गेले. दूरध्वनी क्रमांकात तिचा एक अंक राहिला, तेव्हा पडद्यावर आमचा नवा शेरा उमटला. आजीने तो मोठ्याने वाचला, बोटांवर अंक मोजले, आणि राहिलेला अंक आपण होऊन भरला. कोणास काही विचारावे लागले नाही. “आता कसं माणसावानी बोलतंया,” एवढेच ती म्हणाली, आणि पुस्तक घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, उद्या आपणांपैकी कोणी शिक्षक होईल, कोणी कारकून, कोणी यंत्रांस शिकविणारा. दुसऱ्याची चूक दाखविण्याचे काम आपणांस पुष्कळदा करावे लागेल. तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी दोन गोष्टी स्मराव्यात : चूक खरोखर समोरच्याची आहे की आपल्या नियमाची, आणि आपला शेरा वाचून त्यास पुढची वाट दिसेल की नाही. आम्हांस हा धडा आजीच्या एका प्रश्नाने मिळाला. तो आपणांस फजितीवाचून मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.